बाबांनी बटण तीन वेळा दाबलं

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या गावच्या घरची पाण्याची मोटर जळाली. ती मी जाळली. मी तेव्हा दोनशे किलोमीटर लांब पुण्यात, फोन सायलेंटवर टाकून झोपलो होतो.

आमच्याकडे नळाला दोन दिवसांआड पाणी येतं. ते अंगणातल्या हौदात साठतं आणि तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढतं. मोटर लावायची आणि टाकी भरून वाहायला लागली की पळत जाऊन बंद करायची, हे काम माझ्या लहानपणापासून घरात कोणा ना कोणाच्या डोक्यावर असायचं. इंजिनिअर झाल्यावर ते डोक्यावरून उतरवणं मला माझं कर्तव्य वाटलं. टाकीच्या झाकणाखाली पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला, मोटरला रिले लावला, रास्पबेरी पायवर पायथनमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. टाकी पंचवीस टक्क्यांच्या खाली गेली की मोटर चालू, पंचाण्णवच्या वर गेली की बंद. दर मिनिटाला तपासणी. भिंतीवरचं जुनं बटणही स्क्रिप्टलाच जोडलं, म्हणजे सगळं एका जागी.

आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका रात्री मोटर सुरू झाली आणि लगेच लाइट गेली. एकच्या सुमारास लाइट आली, पण गच्चीवरच्या सेन्सरचा अडॅप्टर त्या झटक्यात उडाला होता. स्क्रिप्टकडे शेवटचा आकडा चोवीस टक्क्यांचा होता. तिने मोटर लावली. टाकी भरली, वाहिली, स्क्रिप्टच्या लेखी टाकी अजून चोवीस टक्केच होती. पावणेतीनला गच्चीवरून पाणी पडल्याच्या आवाजाने बाबा उठले, खाली आले आणि बटण दाबलं. मोटर थांबली. ते जिना चढून वर पोचेपर्यंत पुन्हा सुरू झाली. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी अंधारात मीटरपर्यंत जाऊन मेन स्विचच ओढला. तोवर हौद रिकामा झाला होता आणि मोटर कोरडी फिरून जळली होती. पाणी यायला अजून दोन दिवस होते.

सकाळी फोनवर बाबा रागावले नाहीत. "मला वाटलं बटण बिघडलं," एवढंच म्हणाले. आईने फोन घेतला आणि विचारलं, "तू इथं नसशील तेव्हा हे कोण बंद करणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे काही महिने मी हा प्रश्न घेऊन घरांसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टांचा इतिहास वाचत गेलो. तो मला वाटलं होतं त्यापेक्षा जुना निघाला, आणि आईचा प्रश्न त्यात पहिल्यापासून होता.

तळघरातला प्रतिध्वनी

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जिम सदरलँड नावाचे इंजिनिअर वेस्टिंगहाउस कंपनीत काम करत. कारखाने आणि वीजकेंद्रं चालवणारे संगणक हा त्यांचा विषय. १९६५-६६ मध्ये कंपनीतल्या वापरून उरलेल्या भागांतून त्यांनी स्वतःच्या घराच्या तळघरात एक संगणक उभा केला. नाव ठेवलं 'एको फोर'. एको म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक कम्प्युटिंग होम ऑपरेटर' या शब्दांची आद्याक्षरं, आणि प्रतिध्वनीही. वजन साधारण ३६० किलो, कपाटांसारखे मोठाले चार भाग. एप्रिल १९६८ च्या 'पॉप्युलर मेकॅनिक्स' मासिकात त्यावर लेख आला, तेव्हा सामान्य अमेरिकन वाचकाने संगणक प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता.

हे यंत्र घरातली घड्याळं चालवायचं, तापमान सांभाळायचं, टीव्हीचा अँटेना फिरवायचं, घरातल्या सामानाच्या नोंदी ठेवायचं. मुलांनी टीव्ही किती पाहायचा यावरही त्याचा ताबा होता. म्हणजे घरासाठी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रॅम्समध्येच 'घरातल्या एकाने नियम लिहायचा आणि बाकीच्यांनी पाळायचा' ही रचना आली होती. सदरलँड यांच्यावर टीका म्हणून हे लिहीत नाही. ते स्वतः त्याच घरात राहत होते. काही बिघडलं तर तळघराच्या पायऱ्या उतरून दुरुस्त करायला माणूस हजर होता. एको फोर जवळपास दहा वर्षं चाललं आणि आता कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. तसं दुसरं यंत्र कधी बनलं नाही. बनलं असतं तरी त्याच्याबरोबर दुसरा जिम सदरलँड द्यावा लागला असता.

हे किती खरं होतं ते १९६९ मध्ये कळलं. नीमन मार्कस या श्रीमंतांच्या दुकानाने नाताळच्या कॅटलॉगमध्ये हनीवेल कंपनीचा 'किचन कम्प्युटर' विकायला ठेवला. किंमत १०,६०० डॉलर. पाककृती साठवा, जेवणाचा बेत आखा. जाहिरातीचा रोख असा, की हे यंत्र जितका छान हिशेब करतं तितका छान स्वयंपाक गृहिणीला जमला असता तर! पण या यंत्राला ना कीबोर्ड होता ना पडदा. समोर खटक्यांची रांग आणि लुकलुकणारे दिवे. भाजीचं नाव सांगायचं तर ते शून्य आणि एकच्या भाषेत खटके खालीवर करून सांगायचं, आणि उत्तर दिव्यांत वाचायचं. त्यासाठी दोन आठवड्यांचा कोर्स किमतीत धरलेला होता. स्वयंपाकघरासाठी म्हणून असं एकही यंत्र विकलं गेल्याची नोंद नाही. ज्यांच्यासाठी ते बनवलं म्हणायचे, त्यांच्यापैकी कोणाला काय हवंय हे विचारल्याचं त्या यंत्राकडे बघून तरी वाटत नाही.

पोचपावती नसलेला हुकूम

सामान्य घरात ऑटोमेशन पोचलं ते स्कॉटलंडमधून. ग्लेनरॉथेस गावातल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने आधी कॅल्क्युलेटरच्या चिप्स बनवल्या. त्यांच्या कामांना अनुक्रमांक असायचे. १९७५ मध्ये सुरू झालेलं दहावं काम म्हणजे 'एक्स-१०'. १९७८ मध्ये ते अमेरिकेत रेडिओ शॅक आणि सिअर्सच्या दुकानांत आलं.

एक्स-१० ची कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. घरात वेगळी वायर ओढायची नाही, विजेच्या वायरीतूनच निरोप पाठवायचे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, अमेरिकेत ६० वेळा. प्रत्येक फेरीत ती दोनदा शून्यातून जाते. त्या शून्याच्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा बारीकसा झटका वायरीत सोडला तर तो 'एक', नाही सोडला तर 'शून्य'. असे बिट जोडत निरोप बनवायचा. घराला एक अक्षर, 'ए' ते 'पी' अशी सोळा. प्रत्येक दिव्याला एक ते सोळा आकडा. एकूण २५६ पत्ते. 'ए-३ चालू' एवढा निरोप जायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागायचा.

पुढे या वायरींना संगणक जोडणारी यंत्रं आली आणि हौशी लोक स्क्रिप्ट लिहू लागले. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ब्रूस विंटर यांनी पर्ल भाषेत 'मिस्टरहाउस' लिहिलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच्या पोटात एक लूप सेकंदाला अनेकदा फिरत राहायची आणि प्रत्येक फेरीत तुमचे नियम वाचायची. सूर्य मावळला का? मग ओसरीचा दिवा लाव. फोन वाजला का? मग कोणाचा आहे ते मोठ्याने सांग. आज आपण स्मार्ट स्पीकरकडून जे करून घेतो त्यातलं पुष्कळसं हे लोक घरच्या जुन्या संगणकावर करत होते.

पण एक्स-१० मध्ये एक गोची होती. मूळच्या यंत्रणेत दिव्याकडून पोचपावती येत नसे. संगणक 'ए-३ चालू' म्हणायचा आणि दिवा लागला असं धरून चालायचा. वायरीत कुठे मिक्सर किंवा टीव्हीचा गोंगाट असेल तर निरोप वाटेत हरवायचा. एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या शेजाऱ्याने तेच अक्षर निवडलं असेल तर आपला हुकूम त्याच्या दिवाणखान्यात पोचायचा. कोणी हाताने दिवा बंद केला तर संगणकाला बहुतेक वेळा पत्ताच नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहिणारे एकच हुकूम दोन-तीनदा पाठवायची सवय लावून घेत.

हे वाचताना मी थांबलो. माझ्या स्क्रिप्टने काय वेगळं केलं होतं? गच्चीवर टाकी वाहत होती आणि ती आपल्या वहीतला चोवीसचा आकडा खरा मानून बसली होती. घर एक असतं आणि स्क्रिप्टच्या डोक्यातलं घर दुसरं. दोन्ही जुळतात तोवर आपण त्याला स्मार्ट म्हणतो.

या क्षेत्रातल्या हौशी पुरुषांमध्ये एक शब्दप्रयोग अनेक वर्षं रूढ होता. 'वाइफ अॅक्सेप्टन्स फॅक्टर'. म्हणजे ही यंत्रणा बायको किती खपवून घेईल त्याचं माप. विनोद म्हणून वापरायचे. त्यातलं खरं असं, की बटण दाबल्यावर दिवा लागला पाहिजे असं म्हणणारी व्यक्ती घरातली सर्वात कडक टेस्टर होती. तिच्या तक्रारीला बग न म्हणता स्वभाव म्हटलं गेलं. माझ्या घरी ते माप बाबांनी पावणेतीन वाजता काढलं.

सूर्य मावळला की

आजच्या गोष्टीची सुरुवात २०१३ ची. त्याच्या आदल्या वर्षी फिलिप्सने 'ह्यू' नावाचे दिवे बाजारात आणले होते, त्यांना नेटवर्कवरून हुकूम देता यायचा. पॉलस स्काउटसन या डच प्रोग्रॅमरने पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली. काम एवढंच, की सूर्य मावळला की दिवे लावायचे. साधं वाटतं, पण मावळतीची वेळ रोज सरकते. पुण्यातच नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास जातो. टायमरला हे कळत नाही, स्क्रिप्टला शिकवता येतं. त्या स्क्रिप्टचं पुढे 'होम असिस्टंट' झालं. आज ते जगातल्या सर्वांत मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांपैकी एक आहे. २०२४ मध्ये त्याची मालकी 'ओपन होम फाउंडेशन' या ना-नफा संस्थेकडे गेली.

त्याच्या नियमाचे तीन भाग असतात. काय घडलं, कोणत्या अटीवर, आणि मग काय करायचं. 'सूर्य मावळला, घरात कोणी असेल तर, दिवा लाव.' आपल्या आज्या 'तिन्हीसांजेला दिवा लाव' म्हणायच्या त्यात हे तिन्ही भाग होते. फरक एवढाच, की ज्या घरात सुतक आहे तिथे काय करायचं हे आजीला वेगळं लिहून द्यावं लागत नसे.

होम असिस्टंटचा आग्रह हा, की नियम आपल्या घरातल्या यंत्रावर चालावेत, कंपनीच्या सर्व्हरवर नाहीत. हा आग्रह हटवादी का नाही, हे दोन घटनांनी दाखवलं. 'रिव्हॉल्व्ह' नावाचा २९९ डॉलरचा हब लोकांनी घेतला होता. २०१४ मध्ये ती कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्टने विकत घेतली आणि १५ मे २०१६ ला तिची सेवा बंद केली. हब बिघडले नव्हते, ते फक्त निरुपयोगी झाले. एप्रिल २०२२ मध्ये 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले आणि कित्येकांच्या घरातले ठरवलेले नियम एका दिवसात मुके झाले. दोनेक महिन्यांनी तिच्या वापरकर्त्यांपैकीच काहींनी पुढे येऊन कंपनी घेतली आणि सेवा परत सुरू केली. त्या मधल्या काळात ज्यांनी स्वतःची स्क्रिप्ट घरातच चालवली होती त्यांचे दिवे लागत राहिले.

मी याच बाजूचा. माझी स्क्रिप्टही कोणाच्या सर्व्हरवर नव्हती, याचा मला अभिमान होता. पण आईच्या बाजूने पाहिलं तर? तिच्यासाठी मीच ती लांबची कंपनी होतो. कस्टमर केअरचा फोन सायलेंटवर असलेली.

शिवारातली स्क्रिप्ट

स्मार्ट होम हा शहरी, पैसेवाल्यांचा खेळ आहे असं आपण म्हणतो. महाराष्ट्राच्या शिवारात मात्र 'असं झालं तर तसं कर' हा नियम लाखो वेळा चालतो. शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. मध्यरात्री वीज आली तर विंचूकाट्यातून, साप-बिबट्याच्या भीतीतून विहिरीवर जायचं. म्हणून शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटो-स्विच लावला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. एका ओळीची स्क्रिप्ट, तीही वायरीतच लिहिलेली.

एका शेतकऱ्यासाठी हा नियम अगदी योग्य आहे. अडचण येते ती एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांनी तोच नियम लावल्यावर. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच ते सात पट करंट ओढते. वीज आल्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उठल्या की ट्रान्सफॉर्मर जळतो आणि मग कित्येक दिवस कोणालाच पाणी नाही. म्हणून महावितरण वर्षानुवर्षं ऑटो-स्विच काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत आलं आहे. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. स्क्रिप्टला फक्त आपला मालक दिसतो, शेजारी दिसत नाहीत. सुरू होण्याआधी प्रत्येक मोटरने वेगवेगळी काही मिनिटं थांबायचं, एवढी एक ओळ वाढवली तर पुष्कळ ट्रान्सफॉर्मर वाचतील. पण ती ओळ सगळ्यांनी लिहिली तरच तिचा उपयोग. तो प्रश्न प्रोग्रॅमिंगचा उरत नाही, गावाचा होतो.

पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' याच दुखण्यावरचं दुसरं उत्तर आहे. पंपाला मोबाइल जोडायचा, शेतकऱ्याने घरून फोन लावायचा आणि आकडे दाबून मोटर चालू-बंद करायची. मला त्यात महत्त्वाचं हे वाटलं, की विहिरीवर वीज आहे का, हेही फोनवरून कळतं. एक्स-१० कडे नसलेली पोचपावती इथे आहे. आणि निर्णय माणसाच्या हातात आहे. चार किलोमीटरची रात्रीची पायपीट तेवढी वाचते.

इच्छापत्र

माझा सेन्सर आणि स्क्रिप्ट एकमेकांशी 'एमक्यूटीटी' नावाच्या प्रोटोकॉलने बोलायचे. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तो १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर लांबून नजर ठेवण्यासाठी बनवला. निर्जन भागातल्या पाइपलाइनी, सॅटेलाइटचं महाग आणि मधेच तुटणारं कनेक्शन. म्हणून निरोप अगदी छोटे. पुढे घरांसाठी तो फारच सोयीचा ठरला. स्टॅनफर्ड-क्लार्क यांनी इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइटवरचं स्वतःचं घरही त्यावर जोडलं.

त्यात दोन सोयी आहेत. एक, शेवटचा निरोप जपून ठेवायची. नवीन कोणी जोडला गेला की त्याला तो लगेच मिळतो. माझ्या स्क्रिप्टला लाइट आल्यावर मिळालेला चोवीसचा आकडा हाच, गेलेल्या सेन्सरचा जपलेला शब्द. दुसऱ्या सोयीचं नाव आहे 'लास्ट विल', म्हणजे इच्छापत्र. प्रत्येक उपकरणाने जोडलं जातानाच सांगून ठेवायचं, की मी अचानक गायब झालो तर सगळ्यांना हा निरोप द्या. लांबच्या पाइपलाइनींचा अनुभव असलेल्या माणसांना ठाऊक होतं, की एक दिवस पलीकडून उत्तर येणार नाही.

मी पहिली सोय वापरली होती. दुसरी नंतर कधीतरी करू म्हणून सोडली होती. कारण मी ज्या दिवशी स्क्रिप्ट लिहिली त्या दिवशी सेन्सर चालत होता, लाइट होती आणि मी घरात होतो.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा वायरमन काकांना बरोबर घेऊन सगळं परत जोडलं. आता भिंतीवरचं बटण थेट मोटरच्या वायरीत आहे, रिलेच्याही आधी. ते बंद असेल तर स्क्रिप्टने कितीही हुकूम सोडले तरी मोटर हलत नाही. हौदात फ्लोट आहे, पाणी संपलं की तो स्वतःच मोटर तोडतो. त्याला वाय-फाय लागत नाही. सेन्सरने इच्छापत्र केलं आहे. त्याच्याकडून पाच मिनिटं आकडा आला नाही तर मोटर बंद. आणि काहीही झालं तरी एका वेळी पंचवीस मिनिटांच्या वर नाही. चाळीस ओळींच्या नव्वद झाल्या. वाढलेल्या पन्नासही ओळी मी तिथे नसण्याबद्दल आहेत.

शेवटचं काम कागदाचं. हे कसं चालतं, कधी बंद होतं, बिघडलं तर कोणतं बटण दाबायचं, हे मराठीत एका पानावर लिहून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलं. आईने वाचून दोन वाक्यं बदलायला लावली. तिला 'रिले' कळला नाही, म्हणून तिथे 'निळी डबी' असं लिहिलं.

परवा फोनवर बोलताना आईने सांगितलं, की बाबांनी त्या कागदाच्या तळाशी पेनाने वायरमन काकांचा नंबर लिहून ठेवला आहे. माझा नाही. मला ते बरोबर वाटलं.